न उघडता जोडलेली नडगी

पाय मोडल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "ऑपरेशन कधी?" आम्हाला उत्तर मिळालं, "सुरकुत्या पडल्या की." बायकोला वाटलं डॉक्टर चेष्टा करतायत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शॉप आहे. शिरोलीच्या फौंड्र्यांमधनं कास्टिंग येतात. त्यांना भोकं पाडायची, आटे पाडायचे, दोन भाग एकमेकांवर बिनफटीचे बसवायचे, ही आमची रोजची भाकरी. त्यामुळं नडगीला प्लेट आणि स्क्रू बसवणार म्हटल्यावर हे तर आपल्याच ओळखीचं काम, अशा थाटात मी ऐकायला बसलो. ते आमच्या धंद्याच्या बरोबर उलटं निघालं. म्हणून हे लिहितोय.

मोडलं कसं ते थोडक्यात. जुलैतला पाऊस, रंकाळ्याकडनं फुलेवाडीच्या अंगाला जाताना गाडी घसरली. वेग म्हणाल तर चालण्यापेक्षा थोडा जास्त. पण गाडी पायावर आली, पाऊल खाली अडकलं आणि अंग दुसरीकडं फिरलं. आवाज आला. उठून बसलो तर पाऊल भलत्याच दिशेला बघत होतं. कातडी मात्र फाटली नव्हती, आणि पुढं कळलं की नशिबाचा सगळ्यात मोठा भाग तोच होता.

कोल्हापुरात हाड मोडलं की तालमीची आठवण निघतेच. गल्लीतली पोरं मला उचलून रिक्षात घालेपर्यंत आमचे वस्ताद आले. आयुष्यभर पैलवानांचे खांदे, मनगटं बसवलेला माणूस. त्यांनी पाय नुसता बघितला, बोटसुद्धा लावलं नाही. म्हणाले, "आरं, ह्याला मी हात लावत न्हाई. खांदा निसाटला असता तर बसवला असता. हे मोडलंय. गप दवाखान्यात चल." दोन पुठ्ठे आणि एक पंचा घेऊन पाय आहे तसा बांधला आणि रिक्षात माझ्याबरोबर बसून आले. मोडक्या पायाला तेल लावून चोळणारे अजून भेटतात, त्यांनी आमच्या वस्तादांकडं चार दिवस बसावं.

एक्स-रेत नडगीचं हाड घोट्याच्या वर चार बोटांवर तिरकं, पिळून गेल्यासारखं मोडलेलं दिसत होतं. शेजारचं बारीक हाड, फिब्युला, तेही त्याच सुमाराला तुटलेलं. चीर खाली घोट्याच्या सांध्यात उतरली आहे का, हे बघायला सीटी स्कॅन काढला. सांधा वाचला होता. तो फुटला असता तर मामला फार वेगळा झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी कागदावर हाडाचं चित्र काढून समजावलं. नुसतं प्लास्टर घातलं तर असं पिळून मोडलेलं हाड आत सरकतं, पाय आखूड होतो, वाकडा जुळतो. रॉड घालायचा तर नडगीच्या आतली पोकळ नळी मधोमध अरुंद असते, तिथं रॉड घट्ट बसतो. खाली घोट्याकडं नळी रुंद होत जाते, रॉड सैल पडतो, आणि खालच्या तुकड्यात स्क्रूला जागाही थोडी मिळते. करतात, चांगलं होतंही, पण माझं मोड फार खाली होतं. राहिली प्लेट.

"मग उघडायचं, तुकडे नीट बसवायचे आणि प्लेट आवळायची ना?" मी विचारलं. माझ्या हिशेबानं दुसरा मार्गच नव्हता.

"उघडायचं नाही, काका," डॉक्टर म्हणाले. "मोडलेल्या जागेला हातच लावायचा नाही."

तुम्हीही आत्ता स्वतःच्या नडगीवरनं, आतल्या बाजूनं, अंगठा फिरवून बघा. कातडी आणि हाड, मध्ये काहीच लागत नाही. मांडीच्या हाडाभोवती मांसाचा थर असतो, त्यातून हाडाला रक्त मिळतं. नडगीच्या खालच्या भागाला तेवढा रक्तपुरवठा नसतो. हाड मोडलं की आतल्या पोकळीतनं येणारा पुरवठा तुटतो, आणि हाडावर जी पातळ साल असते तिच्यातनं येणारा तेवढा शिल्लक राहतो. जुन्या पद्धतीनं लांब चीर देऊन, साल खरवडून, तुकडे डोळ्यांसमोर जुळवले तर तोही जातो. हाड एक्स-रेत सुंदर दिसतं, पण जुळत नाही, किंवा वरची कातडी काळी पडून जखम उघडी पडते आणि प्लेट बाहेर दिसायला लागते. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जननी एओ नावाचा गट काढला. तुकडे केसाएवढीही फट न ठेवता आवळायचे, ही त्यांची सुरुवातीची शिकवण जगभर गेली. मोडलेली जागा बंद ठेवून कातडीखालून प्लेट सरकवायची पद्धत १९९० नंतर रुळली, आणि तिच्यामागंही बऱ्याच अंशी त्याच परंपरेतले लोक होते. आपणच घालून दिलेला नियम आपणच फिरवायला मोठं मन लागतं, असं मला वाटून गेलं. आमच्या उद्यमनगरात जुना मिस्त्री जिगची, म्हणजे काम धरून ठेवायच्या साच्याची, रचना बदलू देत नाही.

असो. तर सुरकुत्या.

पायाला मागनं अर्ध प्लास्टर, म्हणजे स्लॅब, घालून तो उशांवर उंच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पाय टरारून सुजला, कातडी चकचकीत झाली आणि घोट्याच्या वर फोड आले. काही पाण्याचे, दोनेक रक्ताळलेले. अशा कातडीवर चीर दिली तर ती जुळत नाही, म्हणून थांबायचं. रोज सकाळी डॉक्टर यायचे, स्लॅब बाजूला करून कातडी दोन बोटांत हलकेच धरायचे आणि "अजून नाही" म्हणून जायचे. सूज उतरली की ताणलेली कातडी सैल पडते आणि तिच्यावर बारीक सुरकुत्या उमटतात. त्या दिसल्या की कातडी चिरायला तयार झाली असं समजायचं. एवढ्या मशिनी भरलेल्या दवाखान्यात हा निर्णय चिमटीनं होतो, हे मला फार आवडलं.

सुरुवातीचे दोन दिवस आणखी एक तपासणी सारखी चालायची. सिस्टर येऊन "बोटं हलवा" म्हणायच्या, मग अंगठा वर ओढून "पोटरीत कळ येते का?" विचारायच्या. रात्रीसुद्धा. चिडून मी कारण विचारलं. मोडल्यावर पोटरीच्या कप्प्यांत रक्त आणि सूज साठून आतला दाब इतका वाढू शकतो, की स्नायूंना रक्तच पोहोचत नाही. इंजेक्शन देऊनही न थांबणारी, बोट ओढल्यावर जास्त होणारी कळ ही त्याची खूण. तसं झालं तर सुरकुत्यांची वाट बघत बसायचं नाही, तातडीनं चीर देऊन दाब मोकळा करायचा. कारण कळल्यावर मी सिस्टर यायच्या आधीच बोटं हलवून ठेवायला लागलो.

थांबण्याचे हे दिवस घरच्यांना सगळ्यात जड गेले. शेजारच्या कॉटवर कागलकडचा एक पोरगा होता, उसाच्या ट्रॉलीवरनं पडून मांडीचं हाड मोडलेला. त्याच्या मांडीत दुसऱ्याच दिवशी रॉड बसला. झालं! आमच्याकडं बघायला येणारा प्रत्येक पाव्हणा त्याच्याकडं बोट दाखवून विचारायचा, "त्याचं झालं की, तुमचं का थांबवलंय?" मेहुण्यानं तर डॉक्टर बदलायची भाषा काढली. मांडीला मांस आहे, नडगीला नाही, हे मी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी तो कागलचा पोरगाच माझ्या वतीनं सांगायला लागला. बऱ्याच जणांना या काळात स्लॅब घालून घरी सोडतात. माझे फोड बघून ठेवून घेतलं होतं. विमा कंपनीच्या माणसालाही ऑपरेशनच्या आधीचे दिवस खुपत होते. डॉक्टरांनी फोडांचे फोटो आणि दोन ओळी लिहून दिल्यावर तो गप्प झाला.

बाकी सेवा कोल्हापुरी पद्धतीची. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आणि बकऱ्याच्या पायांचं सूप, दोन्ही आलटून पालटून. दूध तापवूनच द्या, एवढंच डॉक्टर म्हणाले. सूपबद्दल त्यांचं म्हणणं, "प्या, प्रोटीन कुठलंही चालेल, पण ती पुडी द्या इकडं." उशीखालची तंबाखूची पुडी त्यांना कशी दिसली कोण जाणे. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथं सगळा खेळच उरल्यासुरल्या रक्तावर चाललेला. पुडी बायकोनं घेतली ती घेतलीच.

एका दुपारी मी हट्टानं नमुन्याची प्लेट बघायला मागितली. डॉक्टरांनी खरंच आणून दिली. लांब, चपटी, खालचं टोक पसरट आणि पातळ, त्यात भोकांचा पुंजका. नडगीच्या आतल्या बाजूला जसा पीळ आहे तसाच पीळ प्लेटला कारखान्यातच दिलेला. वरची भोकं इंग्रजी आठसारखी: एका अर्ध्यात आटे, दुसरा अर्धा साधा. साध्या बाजूनं नेहमीचा स्क्रू लावला की तो हाडाला प्लेटकडं ओढतो. आट्यांच्या बाजूला लागणाऱ्या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते प्लेटमध्येच घट्ट बसतं. म्हणजे प्लेट हाडावर दाबून बसवायची गरजच राहत नाही. ती हाडापासून किंचित अंतरावर राहिली तरी चालते, खालची साल चेपत नाही, रक्त चालू राहतं. ड्रिल तिरकं जाऊ नये म्हणून एक नळी आधी भोकात आट्यांनी बसवतात आणि तिच्यातनं ड्रिल करतात. आमच्या जिगमधला ड्रिल बुश तोच. स्क्रू आवळायचा पान्हासुद्धा दीड न्यूटन-मीटरला टक् करून सुटणारा, म्हणजे जास्त जोर लावून कुणी आटे बिघडवायला नको.

स्टील घ्यायचं की टायटॅनियम, हेही विचारलं होतं. टायटॅनियम जास्त लवतं, शरीराला जास्त मानवतं. पण टायटॅनियमवर टायटॅनियमचे आटे फिरवले की ते एकमेकांना धरतात, हे लेथवाल्याला सांगायला नको. काढायची वेळ आली तर स्क्रू सुटताना छळतात, असं डॉक्टरही म्हणाले. दोन्हीनं हाड जुळतं म्हटल्यावर मी स्टील घेतलं.

सुरकुत्या पडल्या. आठवडा उलटून गेला होता.

भूल कमरेतनं दिली. वाकून बसायचं, पाठीचा कणा मांजरासारखा गोल करायचा, मणक्यांच्या मधून सुई. थोड्या वेळात पाय गरम झाले, मग माझे राहिलेच नाहीत. झोपेचं औषध हवं का विचारलं, मी नको म्हणालो. पडदा होता, पण सी-आर्मचा, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या मशिनचा, स्क्रीन मान वळवली की दिसायचा. सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड एप्रन. "शॉट" म्हटलं की एक बीप, आणि स्क्रीनवर माझी नडगी.

आधी बाहेरच्या बाजूनं फिब्युला. ते हाड सरळ करून छोटी प्लेट लावली, म्हणजे पायाची लांबी परत मिळाली. प्रत्येकाला ते करावं लागतंच असं नाही, माझ्यात लागलं. मग दोघांनी पाय ओढून, वळवून नडगी रेषेत आणली. ते बराच वेळ चाललं. गुडघ्याची वाटी आणि पायाचं दुसरं बोट एका रेषेत आहे का, पाऊल बाहेर फिरलंय का, चांगल्या पायाशी ताडून बघ, पुन्हा शॉट, पुन्हा थोडं वळव. मोडलेली जागा उघडून बघायची नाही म्हणजे सगळा अंदाज बाहेरून. तुकडे इंचन् इंच जुळले नाहीत तरी चालतं, पण लांबी, रेष आणि पीळ या तीन गोष्टी चुकल्या तर माणूस आयुष्यभर वाकडा चालतो. या पद्धतीत धोका असतो तो इथंच, आणि ऑपरेशनचा बहुतेक वेळ त्यावरच गेला.

त्यानंतर आतल्या घोट्याजवळ तीनेक सेंटिमीटरची चीर. तिथनं एक शीर आणि तिला चिकटून एक मज्जातंतू जातो, त्यांना बाजूला धरलं. चिरेतनं एक बोथट हत्यार कातडीखाली, हाडाच्या सालीच्या वरून सरकवत वर नेलं आणि वाट केली. मग त्या वाटेनं प्लेट. मला कळ नव्हती, पण ढकलल्याचं अंगभर जाणवत होतं. स्क्रीनवर काळी पट्टी मोडलेली जागा ओलांडून हळूहळू वर सरकताना दिसली. खाली एक तार, वर एक तार, तात्पुरती पकड. बाकीचे स्क्रू कातडीला बारीक टोचे देऊन त्यातनंच. ड्रिलचा आवाज मी ओळखला. ड्रिल हाडाची दुसरी भिंत भेदून पलीकडं निघतं तेव्हा तो बदलतो, लोखंडातही तसाच बदलतो.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे हातात घेऊन मी स्क्रू मोजले. वर काही, खाली काही, आणि मध्ये, बरोबर मोडलेल्या जागेवर, भोकं रिकामी! आमच्याकडं कुणी अशी फ्लँज बसवून दिली असती तर परत पाठवली असती. राउंडला आल्या आल्या विचारलं.

"तिथं मुद्दाम सोडलीत," डॉक्टर म्हणाले. "सगळी भरली तर सगळा ताण एवढ्याशा तुकड्यावर येतो आणि प्लेट तिथंच तुटते. मोकळी लांबी जास्त ठेवली की ताण वाटला जातो."

हे मला लगेच पटलं. तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते, लांब अंतरावर लवली तर टिकते. पण पुढचं ऐकून गप्प झालो. ती किंचितशी हालचाल हाडाला हवीच असते. तिच्यामुळंच मोडलेल्या जागेभोवती नवं हाड, कॅलस, धरायला लागतं. अगदी ताठ ठेवलं आणि फट राहिली तर हाड जुळायचं मनावरच घेत नाही. आणि प्लेट काही कायमची पाय पेलणार नाही. हाड आधी जुळतंय की धातू आधी थकतोय, अशी ती शर्यत. आयुष्यभर हजारावा भाग मिलिमीटरचा हिशेब करणाऱ्या माणसाला थोडं सैल असलेलंच बरं, हे स्वीकारायला त्रास होतो. मला झाला.

टाके दोनेक आठवड्यांनी निघाले. आतल्या घोट्याजवळ एक छोटी चीर आणि वर नडगीवर तांदळाएवढ्या खुणा. कुणाला दाखवलं तर "एवढंच?" म्हणतात. घोट्याच्या आत रुपयाएवढा भाग बधिर होता, त्या मज्जातंतूमुळं. तो हळूहळू आकसतोय.

घोटा वर-खाली हलवायला मात्र दुसऱ्याच दिवसापासून लावलं. वजन अजिबात नाही, फक्त हालचाल. सहाएक आठवड्यांच्या एक्स-रेत मोडलेल्या जागेभोवती धुरकट ढग दिसला. डॉक्टरांना त्याचा माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. मग फिजिओच्या मॅडमनी वजनाचा काटा पुढ्यात ठेवला. चांगला पाय जमिनीवर, मोडलेला काट्यावर, हातात वॉकर. "काका, काटा वीसवर येईपर्यंत दाबा. बास. आता हाच जोर लक्षात ठेवून चाला." पहिल्यांदा दाबला तर काटा बारावर अडकला आणि कपाळावर घाम. दुखण्यानं नव्हे, भीतीनं. पुढं पुढं तो आकडा पायालाच कळायला लागला. दर काही दिवसांनी त्या आकडा वाढवायच्या. काठी सुटायला दिवाळी उलटली. हे सगळं प्रत्येकाच्या एक्स-रेवर ठरतं. माझ्या वेळापत्रकावरनं कुणी स्वतःच्या पायावर वजन टाकू नये.

शॉपमध्ये परत आलो तेव्हा पोरांनी लेथपुढं उंच स्टूल ठेवलं होतं. सुरुवातीला संध्याकाळी पाय सुजायचा, अजूनही दिवसभर उभं राहिलं की घोट्याला मोज्याचा वळ उठतो. सेफ्टी शूजची कड आतल्या प्लेटवर बरोबर घासते, तिथं बायकोनं आतून फेल्ट चिकटवून दिलंय. मांडी घालून जेवायला बसलो की बाहेरची, फिब्युलावरची प्लेट फरशीला टोचते. उकिडवं अजून पूर्ण बसता येत नाही, टाच उचलते.

आता विषय चाललाय प्लेट काढायचा. त्रास नसेल तर काढायचीच असं नाही. काढायचीच असेल तर हाड नीट भरल्यावर, सव्वा-दीड वर्षानंतर, आणि काढल्यावर स्क्रूची भोकं बुजेपर्यंत पायाला जपायचं, कारण त्या काळात हाड तिथनं परत मोडू शकतं. मेहुणा म्हणतो दोन्ही काढून टाक. डॉक्टर म्हणतात टोचते ती काढू, आतली कशाला उकरायची? मला डॉक्टरांचं पटतंय. मार्चपर्यंत पंपाच्या केसिंगची ऑर्डर आहे, ती गेली की बाहेरचीची तारीख घेणार आहे. काढलेले स्क्रू मला द्या, असं सांगून ठेवलंय. आटे मायक्रोस्कोपखाली बघायचे आहेत.